गाणे माजघरात, गाणारा अंगणात

१९५४ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात ड्यूई फिलिप्स नावाचा एक बडबड्या निवेदक रात्रीच्या वेळी नभोवाणीवरून तबकड्या वाजवीत असे. निवेदक गोरा, तबकड्या मात्र पुष्कळशा काळ्या गायकांच्या आणि ऐकणारे दोन्ही रंगांचे. त्या रात्री त्याने एक कोरी करकरीत तबकडी लावली. गाणे जुनेच होते, आर्थर क्रुडप नावाच्या काळ्या गायकाने काही वर्षांपूर्वी म्हटलेले; गळा तेवढा नवा होता. श्रोत्यांचे दूरध्वनी खणखणू लागले. फिलिप्सने तीच तबकडी पुन्हा पुन्हा वाजवली आणि गायकाला घेऊन या म्हणून त्याच्या घरी निरोप धाडला. गायक बिचारा धास्तीने सिनेमागृहाच्या अंधारात जाऊन बसला होता! त्याला तिथून उठवून आणले, ध्वनिक्षेपकापुढे बसवले, आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारता मारता फिलिप्सने सहज विचारावे तसे विचारले, की तू शिकलास कोणत्या शाळेत? पोराने सांगितले, ह्यूम्स हायस्कुलात.

प्रश्न वरवर किती साधा! पण मेम्फिसमध्ये गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या. शाळेचे नाव कळले, की कातडीचा रंग कळला. गाणे ऐकून ज्यांनी हा कोणी काळा गायक असावा असे धरून चालले होते, त्या गोऱ्या श्रोत्यांचा जीव भांड्यात पडला. पोराचे नाव एल्व्हिस प्रेस्ली. शाळांची ही रंगवार वाटणी घटनेला धरून नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १७ मे रोजी, म्हणजे उण्यापुऱ्या दोन महिन्यांपूर्वी दिला होता. निकाल वॉशिंग्टनमध्ये राहिला. मेम्फिसमध्ये शाळेच्या नावाचे काम चालूच होते.

काळ्या माणसांच्या गाण्या-नाचण्या-बोलण्याने अमेरिकन समाज किती बदलला, हा प्रश्न विचारला म्हणजे लोक मोठमोठ्या नावांची यादी देतात. जॅझ, ब्लूज, रॉक अँड रोल, सोल, रॅप. यादी खरी आहे. एवढेच काय, गोरा अमेरिकन ज्या शब्दांनी आपली पसंती आणि नापसंती सांगतो, त्यातले कितीतरी शब्द आधी काळ्या वादकांच्या तोंडी होते. आमच्या महाविद्यालयातली मुले ऊठसूट ‘कूल’ म्हणतात. तो अर्थ जॅझवाल्यांच्या बैठकीतून जगभर गेला हे त्यांना ठाऊक नसते, आणि ठाऊक असायला हवे असा माझा आग्रहही नाही. पण यादीने एक गोष्ट झाकली जाते. गाणे दाराशी आले तेव्हा अमेरिकेने दार उघडले; गाणारा आला तेव्हा तेच दार अर्धे लोटून घेतले. गाणे माजघरात जाऊन बसले आणि गाणारा अंगणात उभा. लावणीवर जीव टाकणाऱ्या आणि लावणी म्हणणारीला ओसरीची पायरी चढू न देणाऱ्या आपल्या समाजाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

ही रीत जुनी आहे. १८३० च्या सुमारास थॉमस राइस नावाच्या गोऱ्या नटाने जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासली, फाटके कपडे चढवले आणि काळ्या गुलामाचे सोंग घेऊन रंगमंचावर नाचायला सुरुवात केली. सोंगाचे नाव जिम क्रो. प्रेक्षक हसून हसून लोळले. पुढे अशा काजळी फासलेल्या गोऱ्यांच्या मंडळ्याच निघाल्या आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत त्यांच्याइतकी लोकप्रिय करमणूक दुसरी नव्हती. त्यांच्या हातात असे बँजो. (हा बँजो म्हणजे आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतला नव्हे. आपण ज्याला बँजो म्हणतो तो बुलबुलतरंगाचा भाऊबंद. अमेरिकेतला बँजो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी भोपळ्याला कातडे मढवून आठवणीने पुन्हा घडवलेल्या वाद्यापासून झाला.) म्हणजे वाद्य काळ्यांचे, चाली काळ्यांच्या ऐकलेल्या, नाच त्यांचा पाहिलेला, रंगमंचावर मात्र तोंड काळे केलेला गोरा. पुढे गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेत गोऱ्या-काळ्यांना आगगाडीत, शाळेत, पाणपोईवर वेगळे ठेवणारे कायदे झाले, त्यांना लोकांनी नाव दिले ‘जिम क्रो कायदे’. एका सोंगाड्याचे नाव कायद्याच्या अख्ख्या जंगलाला मिळाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही.

याहून विचित्र प्रकार नंतरचा. काळे नट स्वतः रंगमंचावर येऊ लागले तेव्हा त्यांनाही तोंडाला काजळी फासावी लागली. बर्ट विल्यम्स हा विसाव्या शतकाच्या आरंभीचा अव्वल विनोदी नट. १९१० पासून न्यूयॉर्कच्या झीगफेल्डच्या झगमगत्या खेळांत तो गोऱ्या नटांच्या बरोबरीने काम करी. पण मूळच्या काळ्या चेहऱ्यावर काजळीचा थर चढवल्यावाचून त्याला प्रेक्षकांपुढे जाता येत नसे. प्रेक्षकांना काळा माणूस नको होता, काळ्या माणसाचे सोंग हवे होते. आणि १९२७ साली बोलपटांचे युग ज्या चित्रपटाने सुरू झाले असे म्हणतात, त्या ‘द जॅझ सिंगर’चा नायक अल् जोल्सन हाही तोंडाला काजळी फासून गायला.

या सोंगाच्या बाजारात खऱ्या आवाजाने पहिले पाऊल टाकले ते नॅशव्हिलच्या नऊ विद्यार्थ्यांनी. त्यांची हकीगत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. नॅशव्हिल हे टेनेसीतलेच शहर. यादवी युद्ध संपल्यावर, १८६६ साली, मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी तिथे फिस्क नावाची शाळा निघाली. तिचेच पुढे विद्यापीठ झाले. पाच वर्षांत संस्था कर्जात बुडाली. जॉर्ज व्हाइट हे संस्थेचे खजिनदार, आणि मुलांना गाणेही तेच शिकवीत. पैसा उभा करायला त्यांनी शेवटचा उपाय केला. ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ मुलामुलींचा ताफा घेऊन ते उत्तरेकडे गाणी म्हणत निघाले. बहुतेक मुले जन्माने गुलाम. वाटेत हॉटेले जागा देईनात. श्रोते येत ते काजळीवाल्यांचा धांगडधिंगा पाहायला मिळेल या आशेने, आणि ही गंभीर, नेटक्या कपड्यांतली मुले पाहून बुचकळ्यात पडत.

आरंभी मुले गोऱ्यांच्या पसंतीची गाणी म्हणत. आपल्या आईबापांची गाणी, शेतात राबताना आणि रात्री चोरून जमून म्हटलेली ती भजने, परक्यांपुढे म्हणायला त्यांचे मन घेईना. एला शेपर्ड ही त्यांची पियानो वाजवणारी आणि ताफ्याचा कणा. तिने पुढे लिहून ठेवले आहे, की ती गाणी दास्याच्या काळ्या दिवसांशी जोडलेली होती आणि आईबापांना ती पवित्र होती, म्हणून चारचौघांत म्हणण्याचा विचारच त्यांनी केला नव्हता. लाज आणि सोवळे दोन्ही एकाच वस्तूविषयी असावे, ही मनाची गुंतागुंत घरात आजीच्या ओव्या ऐकलेल्या माणसाला कळेल. अखेर ती गाणी त्यांनी म्हटली, आणि सभागृहे स्तब्ध झाली. १८७२ त राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यांचे गाणे ऐकले, १८७३ त इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीने ऐकले. मिळवलेल्या पैशांतून १८७६ साली फिस्कच्या आवारात ‘ज्युबिली हॉल’ ही भव्य इमारत उभी राहिली. ती आजही उभी आहे.

त्याच आवारात पुढे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस शिकले. १८८८ साली ते तिथून पदवीधर झाले आणि १९०३ साली त्यांनी काळ्यांच्या मनोविश्वावर जे पुस्तक लिहिले, त्याच्या प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एक काव्यपंक्ती आणि तिच्याखाली अशा भजनाचे नुसते स्वरलेखन छापले. शब्द नाहीत, फक्त सूर. ज्याला वाचता येईल त्याने वाचावे! याच ड्यू बॉइसना १९४६ साली मुंबईहून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र धाडून, काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागवली होती.

भजनांना जो मान मिळाला तो नाचगाण्याला मिळायला वेळ लागला; पण पसरली मात्र नाचगाणीच वेगाने. दक्षिणेतली काळी कुटुंबे पोटासाठी आणि जिवाच्या भीतीने उत्तरेकडच्या शहरांत गेली, त्यांच्याबरोबर त्यांचे सूर गेले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९२० नंतर काय बहार उडाली होती, हे समजायला लेनॉक्स अव्हेन्यूवरची दोन ठिकाणे पुरे आहेत. एक कॉटन क्लब. मालक गुंड, दारूबंदीच्या काळातला दारूचा व्यापारी. आत रंगमंचावर सगळे काळे. १९२७ च्या डिसेंबरपासून तिथे ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद वाजे आणि नभोवाणीने तो देशभर ऐकू जाई. खुर्च्यांवर सगळे गोरे. हार्लेमसारख्या काळ्यांच्या वस्तीत काळ्या गिऱ्हाइकाला आत घेत नसत! सजावट मळ्याची आणि जंगलाची, म्हणजे आलेल्याला मालक असल्यासारखे वाटावे.

दुसरे ठिकाण तिथून हाकेच्या अंतरावर, सॅव्हॉय बॉलरूम, १२ मार्च १९२६ ला उघडलेले. मालक गोरा, व्यवस्थापक काळा, आणि नियम असा की चांगले कपडे घालून यावे आणि पैसे भरावे. रंग कोणी विचारायचा नाही. लिंडी हॉप नावाचा उसळता नाच तिथे वाढला, गोरे आणि काळे एका फरशीवर नाचले. तिथे कोणी कोणाला समतेवर व्याख्यान दिले नाही. तिथल्या नर्तकांना एकच चिंता, नाचता येते की नाही. तुम्हांला अमेरिकन समाजावरचा खरा प्रभाव पाहायचा असेल तर तो मला कॉटन क्लबपेक्षा सॅव्हॉयमध्ये दिसतो. आणि सरकारलाही तो दिसला असावा. कारण १९४३ च्या एप्रिलमध्ये अनीतीचे कारण दाखवून शहराने सॅव्हॉयला काही महिने टाळे लावले. हार्लेममधल्या लोकांचे मत असे, की खरी अडचण नीतीची नव्हती, एकत्र नाचण्याची होती.

याच काळात हे सूर आपल्या मुंबईलाही पोचले. १९३५ साली लिऑन ॲबी या काळ्या वादकाचा वृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. मागून टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. त्यांच्याजवळ बसून, त्यांचे ऐकून ज्यांनी हे वादन आत्मसात केले ते आपले गोव्याचे वादक. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो झेव्हियर वाझ त्यांतलेच, आणि पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या ‘अलबेला’ची गाणी बांधली तेव्हा ते त्यांच्या सोबतीला होते. भगवानदादांच्या नाचावर टाळ्या पिटणाऱ्या गिरगावातल्या प्रेक्षकाला त्या तुतारीचे गोत्र हार्लेममध्ये आहे याची गंधवार्ता नव्हती.

आता पुन्हा मेम्फिसकडे वळू. कारण गाण्याची आणि गाणाऱ्याची ताटातूट तिथे जशी दिसते तशी दुसरीकडे दिसत नाही. १९२० साली मॅमी स्मिथ या गायिकेची ब्लूजची तबकडी तडाखेबंद खपली, तेव्हा कंपन्यांना शोध लागला की काळी माणसेही तबकड्या विकत घेतात. लगेच त्यांच्यासाठी वेगळ्या याद्या, वेगळे क्रमांक. नावच ‘रेस रेकॉर्ड्स’. १९४९ साली ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने हे नाव टाकून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ असे नवे नाव घेतले. नाव बदलले, यादी वेगळीच राहिली. पण नभोवाणीच्या लहरींना कुंपण कुठले? मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए केंद्राचे मालक गोरे. धंदा बसला म्हणून १९४८ साली त्यांनी नॅट विल्यम्स या काळ्या शाळामास्तराला निवेदक नेमले, आणि वर्षभरात सगळे कार्यक्रमच काळ्या श्रोत्यांसाठी करून टाकले. मास्तर दिवसा इतिहास शिकवीत आणि नंतर गाणी वाजवीत. १९५४ त केंद्राची शक्ती ५०,००० वॉट झाली आणि मिसिसिपीच्या कापूस-मळ्यांवर त्याचा आवाज पसरला. गोऱ्यांची पोरे उशाशी यंत्र घेऊन चोरून ऐकू लागली. त्यांच्या बापांनी शाळेला, बागेला, पोहण्याच्या तलावाला कुंपणे घातली होती; उशीला घालायची राहून गेली.

त्या पोरांपैकीच एक एल्व्हिस. त्याच्यावर चोरीचा आळ घेण्याची हल्ली रीत आहे. मला ती पुरती पटत नाही. आपण जे गातो ते काळी माणसे कितीतरी वर्षांपासून असेच गात आली आहेत, आपण ते त्यांच्याकडून घेतले, असे त्याने १९५६ साली वार्ताहराला स्वच्छ सांगितले होते. गाणे ऐकून गावे, यात चोरी नाही. सगळी लोककला अशीच चालते. चोरी हिशेबाच्या वहीत होती. ज्याचे गाणे गाऊन एल्व्हिसचे नशीब उघडले, तो आर्थर क्रुडप शेतमजुरी करीत राहिला. गाण्याच्या हक्काचे पैसे कागदपत्रांच्या आणि दलालांच्या वळणांत मुरले. म्हातारपणी वकिलांनी भांडून तडजोड जवळजवळ ठरवली होती, ६०,००० डॉलर मिळायचे होते. ऐन वेळी प्रकाशकांनी सही नाकारली. १९७४ साली क्रुडप वारला तो तसाच.

वाचक म्हणतील, की क्रुडप खेडवळ, अडाणी. शहरी, शिकलेल्या, सभ्य काळ्या गायकाचे असे झाले नसेल. तर नॅट किंग कोलकडे पाहा. मखमली आवाज, अंगावर बेतीव सूट, ओठांवर हसू. त्याच्या तबकड्या लाखोंनी गोऱ्यांच्या दिवाणखान्यांत होत्या. १९४८ साली त्याने लॉस एंजलिसच्या हँकॉक पार्क या श्रीमंत वस्तीत घर घेतले, तेव्हा शेजारी एकत्र जमून त्याला सांगू लागले, की आमच्या वस्तीत अनिष्ट माणसे यायला नकोत. कोल म्हणाला, मलाही नकोत. असे कोणी दिसले तर पहिली तक्रार माझीच येईल. बहुधा त्या प्रत्येकाच्या घरी त्याची एखादी तबकडी असावी, असे मला उगाच वाटते.

१० एप्रिल १९५६ ला तो अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरी गायला. अलाबामा त्याची जन्मभूमी. तिथल्या नियमाप्रमाणे गोऱ्यांसाठी एक खेळ, काळ्यांसाठी त्यानंतर दुसरा. गोऱ्यांच्या खेळात तो गात असता काही माणसे प्रेक्षागृहातून धावत रंगमंचावर चढली आणि त्यांनी त्याला खाली पाडले. रॉक अँड रोलसारख्या ‘काळ्या’ संगीताविरुद्ध जी वर्णद्वेष्टी चळवळ तिथे चालू होती तिची ही माणसे. आणि कोल तर रॉक अँड रोल गातही नव्हता. पोलिसांनी त्यांना धरले. मग प्रेक्षक उठून उभे राहिले आणि कितीतरी मिनिटे टाळ्या वाजवीत राहिले. कोल पुढे आला, दुखऱ्या पाठीने दोन शब्द बोलला आणि आत गेला. रात्रीचा दुसरा खेळ, काळ्यांसाठीचा, त्याने केला.

त्या टाळ्यांचे काय करायचे, हे मला नीट ठरवता येत नाही. त्या खोट्या नव्हत्या. त्या प्रेक्षकांना खरोखर शरम वाटली असेल. पण टाळ्या वाजवून ते ज्या सभागृहातून घरी गेले, तिथे दुसऱ्या रंगाच्या माणसाला त्यांच्याशेजारी खुर्ची नव्हती, आणि त्याबद्दल त्या रात्री कोणी उभे राहिले नाही. काळ्यांच्या वृत्तपत्रांनी कोललाच धारेवर धरले, की अशा वाटणी केलेल्या सभागृहात तू गातोसच का? त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचा दूरचित्रवाणीवर स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. पाहुणे म्हणून मोठमोठे गोरे गायक आले, लोकांनी पाहिले; पण दक्षिणेतले गिऱ्हाईक तुटेल या भयाने एकही राष्ट्रव्यापी जाहिरातदार पुढे येईना. डिसेंबर १९५७ त कार्यक्रम बंद पडला. जाहिरातवाल्यांना अंधाराची भीती वाटते, असे कोल त्यावर म्हणाला.

डेट्रॉइटच्या बेरी गॉर्डीने या सगळ्यावरून व्यवहारी धडा घेतला. मोटारीच्या कारखान्यात काम केलेला हा माणूस. १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने ‘मोटाउन’ची पायाभरणी केली आणि मोटारीसारखीच गाणी घडवली. गायिकांना चालावे कसे, बसावे कसे, बोलावे कसे हे शिकवायला बाई नेमल्या. तबकड्यांच्या वेष्टनावर मात्र बरेचदा गायकांचे चित्रच नसे. आयझली ब्रदर्सच्या १९६६ च्या एका संचावर समुद्रकिनाऱ्यावर बसलेले गोरे जोडपे आहे! माल आत, आणि दुकानदाराला न बोचणारे तोंड बाहेर. धंदा अफाट झाला. मालक काळा, कलावंत काळे, पैसा निदान घरात राहिला.

पण अमेरिकेचा कायदा ज्या गाण्याने हलवला ते तबकडीच्या दुकानातले नव्हतेच. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन गावी तंबाखूच्या कारखान्यातल्या काळ्या बायकांनी १९४५-४६ च्या संपात चर्चमधले एक जुने भजन थोडे बदलून म्हटले. तिथून ते टेनेसीच्या एका कामगार-शाळेत गेले, तिथून नागरी हक्कांच्या मोर्चांत. १५ मार्च १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन, टेक्सासचे गोरे गृहस्थ, काँग्रेसच्या संयुक्त बैठकीपुढे मताधिकाराच्या कायद्याची मागणी करीत असता त्या गाण्याचे शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारते झाले. ऑगस्टमध्ये कायदा झाला. आपल्या शाळांतून मुले ‘हम होंगे कामयाब’ म्हणतात ते हेच. हिंदी शब्द गिरिजाकुमार माथुरांचे, चाल त्या विड्या वळणाऱ्या हातांची.

यानंतरचा मोठा उद्रेक न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात झाला. वस्तीच्या छातीवरून महामार्ग नेलेला, घरे जळत असलेली, सरकारने पाठ फिरवलेली. ११ ऑगस्ट १९७३ ला सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून नाचाची बैठक ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलग्यांना ५०. तबकड्या वाजवायला भाऊ, कूल हर्क. लोक गाण्याच्या मधल्या, नुसत्या तालाच्या तुकड्यावर बेभान नाचतात हे त्याने हेरले होते. म्हणून तोच तुकडा दोन यंत्रांवर आलटून पालटून त्याने लांबवला. त्यावर कोणी यमके जुळवीत बोलू लागला, आणि रॅप जन्मले. आपल्याकडच्या सवाल-जवाबाची ज्याला चटक आहे त्याला यातली ऐट समजायला वेळ लागू नये. १९७९ साली या प्रकाराची पहिली जबर खपलेली तबकडी निघाली तिच्यातही ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्याच कवीची कडवी होती, त्याला न नाव ना पैसा. या खेपेला कंपनी काळ्यांचीच होती. हिशेबाची वही रंग पाहत नाही.

२०१७ साली नील्सन या मोजणी करणाऱ्या कंपनीने जाहीर केले, की अमेरिकेत सर्वाधिक ऐकले जाणारे संगीत आता हेच. १९६५ साली पुलित्झर पारितोषिकाच्या परीक्षकांनी ड्यूक एलिंग्टनचा विशेष गौरव करावा असे सुचवले असता मंडळाने ते नाकारले होते. त्यावर साठी उलटलेला एलिंग्टन म्हणाला होता, की इतक्या लहान वयात फार प्रसिद्धी नको असे नियतीच्या मनात दिसते. २०१८ साली तेच पारितोषिक केंड्रिक लमार या रॅपवाल्याला मिळाले. म्हणजे माजघर नव्हे, देवघरच गाठले म्हणा ना!

तरी अंगण सुटले असे नाही. आज प्रश्न न्यायालयात येतो. रॅपच्या ओळी आरोपीचा कबुलीजबाब असल्यासारख्या अमेरिकेतल्या न्यायालयांत वाचून दाखवल्या जातात. २०२२ साली कॅलिफोर्नियाने यावर अंकुश ठेवणारा कायदा केला. पण २०२३ च्या नोव्हेंबरात जॉर्जिया राज्यात एका नामांकित रॅप गायकावरच्या खटल्यात न्यायाधीशांनी त्याच्या गाण्यांतील काही ओळी सशर्त पुरावा म्हणून घेऊ दिल्या. जॉनी कॅश या गोऱ्या गायकाने १९५५ साली गाण्यात खून केल्याचे सांगितले होते; त्याला पकडायला कोणी वॉरंट काढले नाही. काव्यातला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे, हे मी दरवर्षी पहिल्या वर्गाला पहिल्या आठवड्यात सांगतो. तिथे ते बचावाच्या वकिलाला ज्यूरीपुढे सांगावे लागते, आणि पणाला लागलेली असतात माणसाच्या आयुष्याची वर्षे.

कॅरी फ्रीड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९६ साली याविषयी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोऱ्या लोकगायकांच्या किंग्स्टन ट्रिओने १९६० साली म्हटलेल्या एका गाण्यातला उतारा त्यांनी घेतला. त्यात एक माणूस पोलीस अधिकाऱ्याला गोळी घालतो. काही वाचकांना सांगितले की हे रॅप आहे. काहींना सांगितले की हे कंट्री गाणे आहे. अक्षरे तीच, कागद तोच. रॅप समजून वाचणाऱ्यांना तो उतारा अधिक घातक, समाजाला अधिक धोक्याचा वाटला. दुसऱ्या खेपेला प्रकाराचे नाव न सांगता नुसते गायकाचे छायाचित्र दाखवले, काहींना गोऱ्याचे, काहींना काळ्याचे. काळ्याचे पाहिलेल्यांना उतारा अधिक वाईट वाटला. २०१६ साली दुसऱ्या संशोधकांनी रॅप आणि कंट्रीचा तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला. निष्कर्ष तोच आला.